कडी नसलेला रुपया

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. घरचे त्याला खूळ म्हणतात, म्हणोत बापडे! कोणाकडे गेलो की मी आधी जुन्या पैशाअडक्याची चौकशी करतो, चहापाणी मागाहून.

म्हणूनच यंदाच्या दुखण्यातून उठल्यावर आईनं तिची रुपयांची माळ माझ्यापुढे ठेवली. चांदीचे आठ राणीछाप रुपये, प्रत्येकावर ओवण्यासाठी कडी झाळून जोडलेली, काळ्या गोफात ओवलेले. शिवाय एक सुटा रुपया होता. पहिल्या बाळंतपणात तिच्या वडिलांनी तो तिच्या हातावर ठेवला होता. तो माळेत कधी गेलाच नाही, फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात पडून राहिला. आम्ही भावंडं तीन: दादा, लांजीला दिलेली ताई आणि मी.

"तिघायले तीन-तीन," आई म्हणाली. "पण आधी पाहून ये बाबू, सारे सारख्या किमतीचे हायत का. माझी माय गेल्यावर एका नथीपायी आम्ही बहिणी बोलणं टाकून बसलो. धाकटी मेली तरी मी तिचं तोंड पाह्यलं नाही. तुमचं तसं झालं तं मले मेल्यावरबी चैन नाही पडायची."

"काहीतरीच बोलतेस," मी म्हणालो. पण तिचे डोळे भरले होते.

रविवारी गोंदियाची गाडी धरली. तिथल्या नाण्यांच्या व्यापाऱ्यानं माळ नुसती उचलली आणि बाजूला सारली.

"चांदीच्या भावात जाईल."

"अहो, भिंग तरी लावा!" माझा आवाज चढला.

"काय पाहू भाऊ? कडी झाळली ना. काढली तरी डाग राहते, अन् कानशीनं घासला तं आणखीनच सत्यानाश."

मग मी त्यांच्या मागेच लागलो. भोक पाडलेलं नाणं? गेलं. काठावर टवका उडालेलं? किंमत उतरते, पण अगदीच मरत नाही. मग खिशात फिरून फिरून राणीचं नाक झिजलेलं? ते चालतं, बाप्पा! वापरानं झिजलं तर नाण्याचा गुन्हा नाही. आणि दरसाल लक्ष्मीपूजनाला चिंच लावून लखलखीत केलेलं? त्यावर त्यांनी कपाळालाच हात लावला. मला हे भलतंच नवल वाटलं. हयगय केली तर माफ, आणि कौतुकानं घासलं तर शिक्षा! असं का, असं मी तीनतीनदा विचारलं. ते म्हणाले, टाकसाळीतून निघाल्यावर अंगावर जी काळपट साय धरते, तीच गिऱ्हाइकाला हवी असते. ती एकदा गेली की पुन्हा आणता येत नाही.

मग मी फडकं सोडलं. सुटा रुपया त्यांनी फक्त काठाला धरला, भिंगाखाली फिरवला आणि न विचारता माझ्यासाठी चहा मागवला. व्यापाऱ्यानं आपण होऊन चहा मागवला की समजावं, मासा मोठा आहे. त्या टाकसाळीचे त्या सालचे रुपये फार थोडे निघाले होते, आणि इतका अस्पर्श तर त्यांनी पाहिलाच नव्हता. माळेतल्या आठांची मिळून जेवढी किंमत, त्याहून या एकट्याची जास्त.

बालाघाटला उतरलो तो उडतच घरी आलो. आईला सगळं रंगवून सांगितलं आणि त्या भरात म्हणालो, "आई, हा माझ्याकडेच राहू दे. त्या दोघांना यातलं काय कळतं!"

तिनं रुपया पुन्हा फडक्यात बांधला. मग विचारलं, "अन् याले कडी असती तं?"

"तर बाकीच्यांसारखाच. चांदीच्या भावात."

"नक्की?"

"हौ, नक्की. काहून विचारतेस?"

ती तांदूळ निवडायला बसली.

त्याच आठवड्यात मी कामासाठी लालबर्ऱ्याला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर देवापुढच्या ताटलीत तीन-तीनचे तीन ढीग. सगळ्यांना कडी! नववा तर ओळखूसुद्धा येईना. सोनारानं झाळ देऊन वर घासूनपुसून चकाचक केलेला.

मी उभ्याउभ्या पेटलो. "अगं, काय केलंस हे? वेड लागलं का तुला? विकला असता, तिघांत पैसे वाटले असते!"

"विकला कोणी असता? तूच ना?" आई शांतपणे म्हणाली. "तू म्हणला असता येवढ्याले गेला, ते दोघं म्हणले असते जास्तीले गेला. आता कोणाले काही म्हणायची जागा नाही."

"पण इतकी मोलाची वस्तू! मातीमोल केलीस, आई! तुला काही समजतं का?" माझा आवाज शेजारी गेला असेल.

तिनं मला पुरतं ओरडू दिलं. मग माझ्या वाट्याचे तीन रुपये उचलून माझ्या हातावर ठेवले.

"मी तं तुझी माय हाव, बाबू," ती म्हणाली, "तरी एका रुपयापायी माझ्यावर असा धावून आला. ते दोघं तं नुसते भाऊ-बहीण हायत."