नानांचा उणा कान

पडदा अजून पडलेला आहे, पण तुम्ही माझ्यासोबत आत विंगेत या. कॅनडातल्या रिचमंड हिलमधल्या एका शाळेचं सभागृह. नोव्हेंबरातला शनिवार, बाहेर नुकता अंधार पडलाय. मंचावर दिवाणखाना लागलाय आणि मधोमध आरामखुर्चीत नाना बसलेत. धोतर, बंडी, हात मांडीवर. नाटकभर सगळी पात्रं त्यांच्याशी बोलणार, भांडणार, त्यांच्या पायाशी रडणार. नाना मात्र शेवटपर्यंत गप्प, कारण ते कागदाच्या लगद्याचे आहेत.

मी आयुष्यभर भल्याभल्यांसमोर उभा राहिलो, पण नानांइतकं मन लावून ऐकणारा सहनट मला मिळाला नाही. आता अभिनय सुटला. आमच्या मंडळाची नाटकं बसवतो, एवढंच.

नानांना घडवलं सेगुलाबाई किहीमकरांनी. बाई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बंद असे. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. इथे येऊन बाईंनी दातांच्या लॅबमध्ये जन्मभर कवळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर तीच हत्यारं घेऊन बेसमेंटमध्ये माणसं घडवायला बसल्या.

त्यांच्या सिनेगॉगमधल्या एका ज्येष्ठांनी त्यांना हटकलं होतं. माणसाची प्रतिमा करणं आपल्याला मना आहे, म्हणाले.

"पूजायला मना आहे," बाई म्हणाल्या, "आणि पुरी करायला. मी दोन्ही करत नाही."

खरंच करत नसत. अख्खा माणूस घडवणं देवाचं काम, म्हणून प्रत्येक आकृतीत त्या काहीतरी उणं ठेवत. कुणाची अर्धी भुवई, कुणाची करंगळी. नानांच्या डाव्या कानाची पाळीच नव्हती. मंचावर प्रेक्षकांकडे तोच कान येणार होता.

त्या संध्याकाळी बाई टॅक्सीनं आल्या त्या अंधार पडून शब्बाथ संपल्यावरच. स्वेटरवरचा कोट न काढताच मंचावर गेल्या, नानांकडे बघितलं आणि थांबल्या. कान पुरा होता. गुळगुळीत, रंगवलेला.

शशिकांत हसत पुढे आले. शशिकांत आमचे सेक्रेटरी. विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि मोडलेलं काही दिसलं की हात शिवशिवणारे.

"डोन्ट वरी, सेगुलाताई. आणताना डॅमेज झालं होतं. दुपारी मी फिक्स करून टाकलं. गाडीचा पोचा भरायची पुट्टी आहे, शंभर वर्षं हलायची नाही."

"मला विचारलंत?"

"किती फोन केले. तुम्ही उचलला नाहीत."

"शनिवारी आमचा घाणा कुणासाठी फिरला नाही. फोन काय उचलणार?" बाईंनी पर्समधून कापडाची गुंडाळी काढली. आत दातांच्या कामाची बारीक कानस होती आणि एक करवत, काडीएवढी.

"अहो, आता काय करताय?"

"तुमची शंभर वर्षं संपवतेय."

पहिली घंटा झाली. करवतीचा आवाज सुरू झाला. शशिकांत माझ्याकडे वळले, "तुम्ही तरी सांगा यांना. तुटका कान बघायला लोक एवढ्या थंडीत येतात का?"

करवत थांबली नाही. "शशिकांतभाऊ, तुमच्या गणपतीचा एक दात तुटका. मी जन्मभर दात केले. बसवून देते म्हणून कधी तुमच्या मागे लागले का?"

विंगेत कुणीतरी खुदकन हसलं. शशिकांत लाल झाले, पण माणूस चिवट. "बरं, मग खुर्ची फिरवू. उजवा कान समोर येईल. तुमचंही राहील, आमचंही."

आता मात्र बाईंनी हात थांबवला. "लपवायचं असेल तर नानांना मी घरी नेते. टॅक्सी अजून लांब गेली नसेल."

नाना गेले तर नाटक गेलं. नट माझ्याकडे बघत होते, शशिकांतही. दुसरी घंटा झाली.

"खुर्ची हलणार नाही," मी म्हणालो.

"उद्या लोक मला विचारतील," शशिकांत मला म्हणाले आणि बाईंकडे वळले. "दिवसभर होता तुम्हाला वेळ. सकाळीच येऊन बघितलं असतंत तर?"

"आमचे पूर्वज देवाचा मंडप बांधत होते ना रानात," बाई पुन्हा कानस चालवत म्हणाल्या, "तेव्हा देवानं बसालेल म्हणून एक कारागीर निवडला. आपला आत्मा त्याच्यात भरला, हाताला कसब दिलं. प्रत्यक्ष देवाचं घर, पण शब्बाथला तिथेही हातोडा खाली. आणि मी तुमच्या नाटकासाठी उचलू?"

पुट्टीचा शेवटचा तुकडा खाली पडला. बाईंनी बोटाला रंग घेऊन कापलेल्या कडेला लावला, उणा कान जिथे संपत होता तिथपर्यंतच. मग कोटावरची पूड झटकली आणि नानांची बंडी नीट केली, आई मुलाची करते तशी.

नट आपापल्या जागी गेले. शशिकांत पडद्याच्या दोरीपाशी उभे राहिले; दोरी त्यांच्याकडेच असते. तरी त्यांनी एकदा विचारलंच, हळू आवाजात, "पण कुणी विचारलं, हा अर्धवट का, तर सांगायचं काय?"

तिसरी घंटा वाजत होती. सेगुलाबाई विंगेतल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, देवानंही जग थोडं उणं ठेवून पुढचं माणसावर सोपवलं, त्याला कुणी जाब विचारला नाही. ओढा दोरी."