पाण्यात हात घालू नकोस

माझं बाळंतपण नाहूरला आईकडे झालं. बोरीवलीहून निघताना सासूबाईंनी विचारून पाहिलं होतं, "त्यांच्या हातांना झेपेल का? इथेच राहा, अंघोळीला बाई लावू." मी ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत माझ्या मदतीला धावून आली. खरं सांगायचं तर मला आईच हवी होती. सासूबाईंसमोर दिवसभर गाऊनमध्ये लोळता येत नाही.

आईला आमवात आहे, माझ्या जन्मापासून. हे अगदी शब्दशः. मी तान्ही असताना एका सकाळी तिच्या मुठी वळेनात, मला पाळण्यातून उचलायला तिने शेजारणीला हाक मारली. तिची आई तेव्हा गावी अंथरुणाला खिळलेली. बाळंतपण करायला कोणी नाही, म्हणून ही बाई माझे लंगोट थंड पाण्यात स्वतः धूत होती. तिने त्यातून जो निष्कर्ष काढला तो आजवर कुठल्याच डॉक्टरला खोडता आलेला नाही. बाळंतिणीने थंड पाण्यात हात घातला की वात हाडांत शिरतो.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं होतं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच या आजारात उलटते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो कधी कधी पहिल्यांदा डोकं वर काढतो, पण पाण्याचा त्यात काही दोष नाही. पाणी निर्दोष म्हटल्यावर बोट दाखवायला उरले ती मीच.

सुरुवातीची वर्षं तिने दुखणं अंगावर काढलं. काढे झाले, तेलं झाली, कोणी सांगितलेली पानं बांधून झाली. खरं औषध सुरू झालं तोवर तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. मग आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी लागू पडली. कललेलं सरळ झालं नाही, पण पुढचं बिघडायचं थांबलं. बाबा गेल्यावरही ती एकटी राहू शकली ती त्या गोळीच्या जोरावर.

आता माझे हात वाचवायचे, हा तिने पणच केला होता. मी पेला विसळायला उठले तरी आतून आवाज यायचा, "पाण्यात हात घालू नकोस गो! माझे हात बघून पण कळत नाही तुला?" मग तो पेला ती विसळायची. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दुपटी, सगळं तीच करायची. बाळाला न्हाऊ घालायला न्हाणीघरात पाय पसरून बसायची, पायांवर बाळ घेऊन तेल जिरवायची. "बघ, गरम पाण्याने माझीच बोटं सुटतात," म्हणायची. ते खोटं नव्हतं. तिचा सकाळचा आखडलेपणा ऊन पाण्याने खरंच कमी व्हायचा. मला तेवढं खरं पुरेसं होतं.

सव्वा महिना संपला तरी मी हलले नाही. थंडी आहे, बाळाला सर्दी आहे, कारणांना काय तोटा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मी बसले होते.

गोळीचा दिवस रविवार. सोमवारी आई नेहमी गळून जायची, मळमळायचं, दुपारपर्यंत पडून असायची. मी आल्यापासून ती एकाही सोमवारी पडली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी तिचा औषधांचा डबा उघडला. रविवारच्या गोळ्या जशाच्या तशा. केराच्या डब्यात मात्र दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. त्यांनी दुखणं तेवढं दबतं, आतला आजार कुरतडायचं काम चालूच ठेवतो, हे मला पाठ होतं. बाळाच्या शीचा रंग जरा बदलला तरी मोबाइलवर शोधणारी मी! पण बोलले नाही. येत्या रविवारी विचारू, असं ठरवलं आणि तो रविवार जाऊ दिला. त्यानंतरचेही गेले. तिने गोळी घेतली तर सोमवारी बाळाला कोण बघणार, हा हिशेब माझ्या डोक्यात स्पष्ट होता. त्याची मला लाज वाटायची आणि तरी मी सकाळी दुलई डोक्यावर ओढून घ्यायचे.

मग एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "धर गो, धर!" ओलं बाळ तिच्या पायांवर होतं आणि तिला उचलता येत नव्हतं. मनगट टम्म सुजलं होतं. मी बाळाला टॉवेलात घेतलं, आधी त्यालाच नीट पाहिलं. आईनेही तेच पाहिलं. मग आमच्या लक्षात आलं की तिला जमिनीला हात टेकून उठताही येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावला. मनगटाच्या हाडाची एक कड खाल्ली गेली होती.

"मावशी, गोळी कधी बंद केलीत?"

"विसरायला होत होतं."

"पुन्हा सुरू करू, गरज पडली तर इंजेक्शन जोडू. पुढचं वाचवता येईल. गेलेलं हाड मात्र भरून येत नाही. या आजारात उशिरा सुरू करणं आणि मधेच सोडणं, दोन्ही फार महाग पडतं. घरी लक्ष द्यायला कोणी आहे ना?"

"मुलगी आहे ना," आई घाईघाईने म्हणाली. "तीच सगळं बघते."

परतताना रिक्षात बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मला राहवलं नाही. "आई, मला माहीत होतं. गोळ्या मी पाहिल्या होत्या."

"ठाऊक आहे मला." ती बाहेर बघत होती. "डबा तू भलत्याच जागी ठेवलेलास. म्हटलं, आता ही बोलणार आणि बॅग भरणार. दर रविवारी वाटायचं, आज बोलणार." मग तिने पट्टा बांधलेला हात हळूच बाळाच्या पायांवर ठेवला. "नाही बोललीस, बरं केलंस गो. माझं कोणी केलं नाही. तुझं मला पोटभर करायला मिळालं."

तिने चिडायला हवं होतं. ती माझे आभार मानत होती.