खुर्च्या लावणारा महांतेश

आमच्या महांतेशला राग येतो हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. निपाणीचा माणूस, शाळा मराठी, कानडी सफाईदार, इंग्रजी कामापुरतं. व्हाइटफील्डमध्ये एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. मी संकेश्वरचा, त्याच्याच टीममध्ये आणि त्याच्याच फ्लॅटमध्ये. त्याच्या भाजीत मीठ किती आणि सर्वरवर जागा किती, दोन्ही मला ठाऊक.

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी इथल्या डेटाबेसवाल्यांचा मेळावा भरतो. कुणाच्या तरी ऑफिसचं कँटीन मिळतं, एकजण बोलतो, बाकीचे ऐकत बिस्किटं खातात. महांतेश साडेआठला पोचून ऐंशी खुर्च्या लावायचा, प्रोजेक्टर जोडायचा, सगळ्यांच्या नावांचे स्टिकर छापायचा. स्वतःचा छापायला तेवढा विसरायचा.

यंदा त्याने बोलायला विषय दिला: 'तुमचा बॅकअप जिवंत आहे का?' त्याची सवयच तशी. दर शुक्रवारी जेवण झालं की आठवड्याचा बॅकअप तो एका रिकाम्या सर्वरवर उतरवून बघतो. "बॅकअप म्हणजे झाकलेलं भांडं रे. उघडल्याशिवाय आत आमटी आहे की नुसतं पाणी, कसं कळणार?" आम्ही हसायचो. एकदा खरंच पाणी निघालं, तेव्हापासून हसत नाही.

विषय मंजूर झाला. दोन महिने तो आरशासमोर इंग्रजीतून भाषण करत होता. तेवढे दिवस माझी दाढी अर्धवटच राहिली.

मेळावा चालवणारा अद्वैत पुण्याचा, बोलायला गोड. त्याने आठवडाभर आधी स्लाइड मागितल्या, "जस्ट फॉरमॅट चेक करायला". महांतेश कां-कूं करत होता. "पाठव की लेका," मी म्हणालो, "फॉरमॅट बघतोय, तुझी किडनी मागत नाही." हे माझे शब्द. लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाहीत.

शनिवारी खुर्च्या लावून झाल्या आणि पहिली स्लाइड पडद्यावर आली. विषय तोच. स्पीकर: अद्वैत. खाली बारीक अक्षरात, डेमो साहाय्य: महांतेश.

"ब्रो, मेसेज टाकणारच होतो," अद्वैत म्हणाला. "ऑडियन्स सीनियर आहे. तुझं कंटेंट टॉप आहे रे, फक्त डिलिव्हरी... मी बोलतो, तू डेमो चालव. टीमवर्क!"

महांतेश गुपचूप लॅपटॉपपाशी जाऊन बसला. कान तेवढे लाल. मला अद्वैतचा राग आला, याच्या निमूट बसण्याचा त्याहून आला, आणि 'पाठव की' म्हणणाऱ्या माझा सगळ्यात जास्त.

अद्वैतने आमटीसुद्धा सोडली नाही. तिचं सांबार करून तोच विनोद इंग्रजीत मारला. लोक हसले. महांतेशने बॅकअप उतरवला, टाळ्या अद्वैतने घेतल्या.

मग दिव्यश्रीने हात वर केला. ती येलहंक्याची, एका बँकेत काम करते. "नव्या सर्वरवर बॅकअप उतरतो, डेटा सगळा दिसतो, पण आमच्या लोकांना लॉगिनच होत नाही. का?"

अद्वैत 'ग्रेट क्वेश्चन' म्हणाला. मग नेटवर्क म्हणाला, क्लाउड म्हणाला, पाणी प्यायला. "महांतेश, जरा दाखव ना ते."

महांतेशने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. "काय दाखवू?"

"अरे तेच, फिक्स."

"बोलणारा तू ना? सांग की मग. अक्षर न् अक्षर सांग, मी टाइप करतो."

"ब्रो, इथे नको..."

"इथेच! खुर्च्या इथेच लावल्यात मी, सहा वर्षं. मोडकं असेल माझं इंग्रजी, पण काम माझं आहे. डेमो साहाय्य म्हणे! तुझ्या पंगतीत वाढायला आलोय काय मी?"

मराठी न कळणाऱ्यांनाही सगळं कळलं. तो उठला, दिव्यश्रीकडे वळला. "अक्का, कानडीत सांगू?"

"सरी, हेळी," ती म्हणाली. म्हणजे 'बरं, सांगा'.

अर्धं कानडी, अर्धं इंग्रजी. माणसांची नावं डेटाबेसबरोबर येतात, पण दार उघडणारी लॉगिनं जुन्याच सर्वरवर राहतात. जोड्या पुन्हा लावाव्या लागतात. बोलता बोलता त्याने तीन ओळी ठोकल्या. लॉगिन झालं. रागाने क्रियापदं वाटेत सांडत होती, आणि दिव्यश्री भराभर उतरवून घेत होती.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. त्याखालीही स्पीकर अद्वैतच. शिवाय 'व्यासपीठाच्या शिस्ती'वर एक परिच्छेद.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही ठरल्या वेळी, दहाला पोचलो. ऐंशी खुर्च्या भिंतीशी थप्पीत, आणि अद्वैत कोट घालून वाट बघत उभा.

"महांतेश, खुर्च्या?"

"हां, लागतील," महांतेश म्हणाला. थप्पीतली एक ओढली, मधोमध ठेवली आणि बसला. फोन काढून पुढच्या स्पीकरांचा फॉर्म भरला: विषय लॉगिन, भाषा कानडी आणि इंग्रजी. 'स्लाइड जोडा' हा रकाना कोराच सोडला.

मी दुसरी खुर्ची आणून त्याच्याशेजारी टेकवली.

"पाठव की म्हणणाऱ्यांनी तिकडे बसायचं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी एक खुर्चीभर जागा सोडून बसलो. अद्वैत कोट काढून बाह्या सरसावत होता.