डाव्या चाकातली शिट्टी

आर्वीच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत हरिदासचं गॅरेज आहे. सगळी हयात पत्र्याच्या शेडखाली ठोकाठोकीत गेलेला माणूस, पण त्याचा भरवसा पान्यापेक्षा कानावर जास्त. गाडी गल्लीत वळली की तो मान वर न करता सांगायचा, "बेअरिंग गेली." आणि ती गेलेलीच असायची.

दिवाळीनंतर रोहणा गावच्या शाळेतले धनंजय सर आपली जुनी कार घेऊन आले. पावसाळाभर गाडी गोठ्याशेजारी उभी होती आणि ब्रेक पार झिजले होते. हरिदासनं पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क आणि नवे ब्रेकपॅड बसवून गाडी दिली. दुसऱ्याच दिवशी सर परत दारात.

"हरिदासभाऊ, ब्रेक दाबला का शिट्टी वाजून राह्यली. कानठळ्या बसतात ना!"

"नवे पॅड हायेत सर. दोन-चार दिवसांत बसतीन."

ते काही बसले नाहीत. सर पुन्हा आले. हरिदासनं पॅड काढले, त्यांच्या कडा घासल्या, मागच्या बाजूला ग्रीस लावलं, कॅलिपरच्या पिना साफ केल्या. मग सरांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली आणि ब्रेक दाबला.

"हे पाहा! आता!" सर म्हणाले.

"काय?"

"आयकू नाई आलं?"

हरिदासला इंजिनाची घरघर ऐकू येत होती, टायरखाली चुरडणारी गिट्टी ऐकू येत होती. शिट्टी कुठेच नव्हती. मास्तर उगाच खुसपट काढतो, असं त्याच्या मनात आलं.

परतताना त्यानं गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर चहाच्या टपरीवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. बाकाखाली झोपलेलं कुत्रं दचकून उठलं आणि कान टवकारून गाडीकडे पाहू लागलं. हरिदासनं गाडी थोडी पुढे घेतली, पुन्हा ब्रेक दाबला. कुत्रं मागे सरकलं. एका म्हाताऱ्यानं कानात बोट घातलं.

त्याच्यासाठी मात्र सारं शांत होतं.

सुलोचना डबा घेऊन आली तेव्हा सर टपरीवर होते आणि तिचा नवरा बंद गाडीत तसाच बसून होता.

"अवो, काऊन असे बसले?"

"मले बारीक आवाज आयकू येत नाई वं," तो म्हणाला. "ब्रेक वाजून राह्यला. कुत्र्याले समजलं, मले नाई."

बुद्धविहारात वंदना सुलोचनाच्या आवाजानं सुरू होते. गाड्यांशी मात्र तिचा कधी संबंध आला नव्हता. तिनं डबा मागच्या सीटवर ठेवला आणि शेजारी येऊन बसली.

"मले तं येते ना आयकू. चाला."

गाडी रोहण्याच्या रस्त्याला लागली. त्यानं ब्रेक दाबला, तिनं डोळे मिटले.

"कसा हाय आवाज? सलग का तुटक?"

तिला शब्द सापडेना. मग तिनं बोट पुढे केलं आणि डॅशबोर्डवर टकटक करायला लागली. आवाज आला की टक, थांबला की बोट वर. हरिदासनं गाडी हळू केली, बोट हळू झालं. वेग घेऊन पुन्हा ब्रेक दाबला, तर बोटाची घाई उडाली. रस्त्याकडे न पाहता तो तिच्या बोटाकडेच पाहत राहिला. कानातून निघून गेलेला आवाज त्याला डोळ्यांसमोर दिसत होता! इतकी वर्षं गाड्यांमध्ये घालवली, पण असं काही त्यानं पाहिलं नव्हतं.

"रस्त्याकडे पाहा," सुलोचना म्हणाली.

आवाज चाकासोबत फिरत होता, एवढं आता नक्की झालं. पण कोणत्या चाकासोबत? हरिदासनं काचा खाली केल्या आणि कापसाच्या जिनिंगच्या लांब भिंतीला खेटून गाडी नेली, मग वळवून त्याच भिंतीशेजारून परत आणली.

"जातानी भिंतीवर आपटून माघारी येत होता," ती म्हणाली. "येतानी नाई आला तसा."

जाताना भिंत डाव्या हाताला होती.

गॅरेजमध्ये त्यानं डावं चाक उचलून काढलं, डिस्क नटांनी घट्ट आवळली आणि एक ताठ तार वाकवून तिचं टोक डिस्कजवळ आणून धरलं. डिस्क हातानं फिरवली. तार आणि डिस्कमधली फट मिटली, उघडली, पुन्हा मिटली, केसाएवढीच. सुलोचना उकिडवी बसून पाहत होती. लोखंडाची एवढी जड थाळी, आणि तिचं तेवढंसं डोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं, याचं तिला नवल वाटलं.

डिस्क काढल्यावर मागच्या हबवर, डिस्क जिथे टेकते तिथेच, गंजाची खरपुडी दिसली. पावसाळ्यात धरलेली. नवी डिस्क तिच्यावरच बसली होती, म्हणून तिरपी. हरिदासनं तारेच्या ब्रशनं हब घासून चकचकीत केला, डिस्क बसवली, तारेनं पुन्हा पाहिलं. फट हलली नाही.

या वेळी सरही मागच्या सीटवर बसले. हरिदासनं ब्रेक दाबला. सुलोचनाचं बोट डॅशबोर्डच्या वर थांबून राहिलं. त्यानं पुन्हा दाबला, उतारावर दाबला, अगदी जोरात दाबला. बोट काही उतरलं नाही. मग तिनं हात मांडीवर ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

तिला दोन्ही हात जोडून सर खाली उतरले.

पुढे वर्ध्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. गेलेलं ऐकू येणं परत येणार नव्हतं, पण कानामागे यंत्र बसलं. आवाज कुठून येतो ते मात्र यंत्र नीट सांगत नाही, म्हणून ट्रायलला सुलोचना लागतेच. अलीकडे ती गाडी चालवायला शिकली आहे. जिनिंगच्या भिंतीशेजारून ती गाडी नेते तेव्हा हरिदास बाजूला बसतो आणि तळवा डॅशबोर्डवर टेकवून तिला विचारतो, "आता?"