पुरणपोळी आणि शून्य-शून्य

मस्कतच्या एका खाजगी कॉलेजात मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका मीटिंगमध्ये मी सहज विचारलं, मागच्या मोकळ्या जागेत ते दोन गंजके सांगाडे कसले? डीन म्हणाले, "फुटबॉलचे गोल. आजपासून टीम तुमच्याकडे." तेव्हापासून मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. माझं खेळाचं ज्ञान नागपूरच्या कबड्डीपर्यंत, आणि तिथेही मी फळ्यावर गुण लिहायला असायचो.

मैदान म्हणजे खडी आणि तिच्यावर चुन्याच्या रेघा. टीम म्हणजे हरण्यात तरबेज झालेली ओमानी पोरं. डीनना तिथे स्टाफसाठी पार्किंग हवं होतं. "या सीझनमध्ये एक मॅच जिंका," ते म्हणाले, "नाहीतर खलास."

मला काय, माझ्या गाडीची सोय झाली असती. पण आमचा कॅप्टन ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावचा होता. गोलकीपर. त्याचे वडील लाकडी जहाजं बांधायचे. त्यांच्या लेखी फुटबॉलला मान होता, डिप्लोमाला नाही. कॉलेजात टीम आहे म्हणून त्यांनी पोराला पाठवलं होतं, आणि टीम संपली की घरी येऊन रंधा धरायचा, असं बजावलं होतं. त्या पोराची ड्रॉइंगमधली रेघ इतकी देखणी, की माझ्याच पोटात दुखायचं. डिप्लोमाला एक वर्ष उरलं होतं. तो गेला असता तर मला फार वाईट वाटलं असतं.

टीम सुधारण्यापेक्षा दुबळा प्रतिस्पर्धी शोधणं सोपं, असं मी ठरवलं. मस्कतजवळच्या रुसैलला एका कारखान्यात मालवणकडचा एक फोरमन ओळखीचा होता. कामगारांची टीम तोच सांभाळायचा. त्याला फोन लावला.

"तुमका कसली टीम व्हयी? बरी की वायट?"

"वाईट. दमलेली असेल तर उत्तम."

"मगे पॅकिंगवाले आणतंय. खोके उचलून मेले आसत बिचारे."

पॅकिंगवाले सगळे केरळचे. हाडकुळे, निम्मे अनवाणी. मला त्यांची दया आली. मॅच सुरू झाली आणि दया आमची करायची वेळ आली. केरळात फुटबॉलचं काय वेड आहे, हे क्रिकेटवर पोसलेल्या मराठी माणसाला कोण सांगणार? शेवटी आम्ही गोल मोजायचं सोडलं. फोरमन म्हणाला, "वायटच होते हो. बरे ड्युटीर आसत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, मॅचच्या आधी जेवायला घाला त्यांना," ती म्हणाली. "पुरणपोळी खाल्लेला माणूस पळताना पाहिलाय कधी?"

सीझनची शेवटची मॅच मी त्याच पॅकिंगवाल्यांशी, शुक्रवारी, आमच्याकडे ठरवली. जुम्म्याच्या नमाजानंतर हॉलमध्ये मटण-भाताची परातीएवढी ताटं लागली, सोबत बायकोने आणि शेजारणींनी केलेल्या पोळ्या, वर तुपाची धार. आमच्या पोरांना मी हळूच सांगितलं, घासभरच खा.

कॅप्टनचा चेहरा पडला. "उस्ताद, पाहुणा जेवणार आणि आपण बघत बसणार? ऐब!"

ऐब म्हणजे लाज आणणारी गोष्ट, आणि त्यापुढे ओमानमध्ये वाद नसतो. दोन्ही टीमची पोरं मिसळून एकेका ताटाभोवती बसली. यजमानाने हात आवरला की पाहुणाही आवरतो, म्हणून आमची पोरं आवरेनात. त्यात माझी जीभ. वाढायला उभा राहिलो की आग्रह आपोआप तोंडातून येतो. "एकच, माझ्यासाठी!" करत मी दोन्ही टीमना सारखंच वाढत सुटलो. डीन डोकावले, तर त्यांनाही बसवलं.

मॅच कसली, सामुदायिक वामकुक्षी होती. बॉल पुढे गेला की लोक त्याला जाऊ द्यायचे. रेफरी झालेल्या फोरमनमध्ये शिटीपुरतीही हवा उरली नव्हती. शेवटी एक पॅकिंगवाला एकटाच सुटला आणि त्याने धापा टाकत बॉल मारला. कॅप्टनने झेप वगैरे घेतली नाही, तो नुसता आडवा झाला. बॉल त्याच्या भरल्या पोटावर आपटून बाहेर गेला. शून्य-शून्य.

खुर्चीत घोरणारे डीन जागे झाले. मिशीवरचं तूप पुसत म्हणाले, "कोण जिंकलं?"

फोरमनने मला डोळा मारला. "आपका टीम, सर! वन-झीरो!"

खाल्ल्या तुपाला जागला होता बिचारा. तेवढ्यात कॅप्टन पुढे आला. "कोणीच नाही, सर. बरोबरी."

मला त्या गाढवाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना.

डीननी मिशीवर उरलेलं तूप बोटाने टिपलं. मग मला म्हणाले, "निकाल लागला नाही, म्हणजे सीझन संपला नाही. पुन्हा मॅच ठेवा. जेवण हेच."

तो सीझन कॅप्टनच्या डिप्लोमापर्यंत चालला. आम्ही कधी बरोबरी केली, बहुतेकदा हरलो, पण जेवण झालं की डीन पुढची मॅच ठेवायला सांगायचे. पार्किंग झालं नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्याचे वडील सूरहून त्याला न्यायला आले.

"किती मॅच जिंकलात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग इतकी वर्षं शिकलास काय?"

कॅप्टनने माझ्याकडे बोट दाखवलं. "उस्तादांना विचारा."

मी त्याच्या ड्रॉइंगची गुंडाळी म्हाताऱ्यापुढे उलगडली. तो त्या रेघांवरून खरखरीत बोट फिरवत राहिला. मग गुंडाळी माझ्या हातात परत देत म्हणाला, "हा आता रंध्याच्या कामाचा राहिला नाही. याला ठेवा तुमच्याकडेच."