येताना उचलू

कडकरावांना किळस येणार नाही अशी वस्तू जगात अजून जन्माला यायची आहे. दुसऱ्याचा ओला टॉवेल, कंगव्यात अडकलेला केस, फुर्र करून चहा ओढणारा माणूस, कशानेही ते नाकाला रुमाल लावतात. आणि नशिबाची थट्टा बघा, असल्या माणसाच्या वाट्याला धंदा आला तो लाँड्रीचा. दिवसभर समोर काय, तर लोकांच्या कॉलरचा मळ, काखेतले पिवळे डाग आणि पँटच्या खिशात विसरलेले रुमाल. ते रुमाल कडकराव लांब चिमट्याने उचलत आणि मान फिरवून गिऱ्हाइकालाच विचारत, "याने नाक पुसलंत की सायकल?"

कडकराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. माणूस स्वतःच्याच दुकानातल्या खळीत बुडवून काढल्यासारखा. कॉलर ताठ, मान ताठ, आणि पँटची घडी अशी की तिच्यावर काकडी चिरावी. मोजे-रुमाल असला बारीकसारीक माल ते छोट्या पिवळ्या पिशवीत घालून देत आणि वर सशाच्या कानांसारखी दोन टोकं काढून गाठ मारत. एक कान ओढला की सुटणारी. ही गाठ मारताना त्यांची बोटं त्यांना विचारतसुद्धा नसत.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते, त्यांची बायको आणि वर्षभरापासून त्यांची थोरली बहीण. दाजी गेले, तशा ताई भावाकडे आल्या आणि सोबत दाजींचा कुत्रा आला. ताई त्याला राजे म्हणत. कडकराव म्हणत लाळ्या. जिभेवरून सतत एक तार लोंबायची आणि ती कुठे तुटेल याचा नेम नसायचा. बहुतेक वेळा कडकरावांच्या मांडीवर.

पण लाळ्याचे उपकार होते, आणि ते कडकरावांनाही कबूल होते. पहिले कित्येक महिने ताई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवा म्हटलं तर जेवायच्या, नाही म्हटलं तर नाही. शेवटी त्या कुत्र्यानेच एका सकाळी त्यांचं पांघरूण दातांनी ओढत दारापर्यंत नेलं. मागून ताई निघाल्या. सार्वजनिक बागेच्या मागे टेकडी होती, तिच्यावर चढायची पायवाट होती आणि रोज सकाळी कुत्री घेऊन चढणाऱ्यांची एक टोळी होती. त्या टोळीत ताई रमल्या. परत आल्या त्या कपड्यांना कुसळं, गालांवर लाली आणि आल्या आल्या भावाला शिव्या. "अजून चहा टाकला नाहीस? हात गळलेत का?"

कडकरावांच्या बायकोने पदराने डोळे पुसले. "अहो, वन्सं शिव्या देतायत! बऱ्या झाल्या हो."

इथवर सगळं छान होतं. पण एकदा ताई चष्मा विसरल्या आणि तो द्यायला कडकराव टेकडी चढले.

त्या टोळीची एक रीत होती. कुत्र्याने केलेलं काळ्या पिशवीत भरायचं, गाठ मारायची, आणि वरपर्यंत कोण वाहणार म्हणून वाटेतल्या फांदीला अडकवून ठेवायचं. "येताना उचलू." येताना गप्पा रंगायच्या, किंवा उतरायची वाटच वेगळी असायची. पिशव्या तिथेच. उन्हाने तापायच्या, फुगायच्या, आणि एखादी पिकून फुटायची. असली फळं लागलेल्या झाडाखालून वाकून जाताना एक पिशवी कडकरावांच्या खांद्याला चाटून गेली.

तो शर्ट त्यांनी तीनदा धुतला. मग त्याचं फरशी पुसायचं फडकं केलं. मग फरशीचीच किळस यायला लागली, म्हणून तो जाळला. आणि तसेच तडक बागेच्या निरीक्षकाकडे गेले. निरीक्षक म्हणजे गळ्यात शिट्टी घातलेला, पोट सुटलेला, झोपाळू गृहस्थ. कडकरावांनी त्याची झोप उडवली. "बाग आहे की उकिरडा? माणसं फिरायची की हे हुंगायचं?" असा आवाज लावला की तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग मागे वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने फाटकात सगळ्या कुत्रेवाल्यांना अडवलं. "यापुढे एक जरी नवी पिशवी फांदीवर दिसली, तर कुत्री फाटकाबाहेर. कायमची."

ताई घरी आल्या त्या वादळासारख्या. "शहाण्या, तुझ्या नाकापायी माझी टेकडी जाणार!"

"मी घाणीविरुद्ध बोललो, ताई. तुझ्याविरुद्ध नाही."

"टेकडी बंद झाली ना, तर मी परत त्या भिंतीकडे तोंड करून पडेन. मग धू माझ्या चादरी."

हे त्या रागात बोलल्या, पण कडकरावांच्या बायकोच्या हातातला कप थांबला. ती भिंत घरात कोणीच विसरलं नव्हतं.

टोळी सुधारली. निदान भीतीने. आठवडाभर नवी पिशवी लटकली नाही. जुन्या लटकत होत्या त्या लटकतच होत्या, त्यांना कोण हात लावणार? आणि मग ताईंचा पाय जिन्यावर मुरगळला.

"राजेंना घेऊन जा," ताई पलंगावरून म्हणाल्या.

"गल्लीत फिरवतो."

"गल्लीत तो करत नाही. त्याला टेकडीच लागते."

"म्हणजे याला निसर्गसौंदर्य बघत करायचं असतं?"

"अहो, जा ना," बायको म्हणाली. "मला त्याच्या केसांनी शिंका येतात. आणि घरात केलं, तर पुसणार कोण?"

हा प्रश्न ऐकून कडकराव दुसऱ्या मिनिटाला दाराबाहेर होते. हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल, कमरेला धुलाईचा प्लॅस्टिकचा एप्रन. काळ्या पिशव्या संपल्या होत्या, म्हणून जाताना दुकानातून चार पिवळ्या उचलल्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं, माणूस ऑपरेशनला निघाला.

लाळ्याने पहिल्या वळणावर कुणाच्या तरी ओकारीचा वास घेतला. दुसऱ्या वळणावर तो कचऱ्यात तोंड घालणार तेवढ्यात कडकरावांनी दोरी खेचली, तर लाळेची तार त्यांच्या चष्म्यावर. तिसऱ्या वळणावर महाराज गोल गोल फिरले, पाठ वाकवली आणि क्षितिजाकडे बघत बसले.

कडकरावांनी डोळे मिटून हात पुढे केला. रबरी मोज्यातून, पिशवीतून, त्या सगळ्यातून त्यांना ऊब लागली. ऊब! थंड असतं तर माणूस सोसेल. त्यांच्या घशाशी सकाळचा चहा आला. बोटांनी आपोआप गाठ मारली, आणि हात लांब करून त्यांनी ती पिशवी जवळच्या फांदीला अडकवली. वर जाऊन श्वास तरी घेऊ. येताना उचलू.

वर लाळ्याला मेलेली घूस सापडली आणि तो तिच्यावर पाठीने लोळला, अगदी मनापासून, चारी पाय आभाळाकडे करून. पुढचं कडकरावांना धड आठवत नाही. नळ दुसऱ्या बाजूला होता, म्हणून ते त्याला ओढत त्या बाजूने उतरले. घरी येऊन कुत्र्याला दोनदा धुतलं, स्वतःला तीनदा. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई हट्टाने काठी टेकत निघाल्या. "चढणार नाही. फाटकापाशी बसून मैत्रिणींना भेटते." लाळ्याची दोरी कडकरावांच्या हातात. फाटकात टोळी गोळा झालेली, आणि मधोमध निरीक्षक. त्याच्या हातात काटकी, काटकीच्या टोकाला पिवळी पिशवी. सशाचे दोन कान वर.

"कुणाची?" निरीक्षक म्हणाला. "बोला, नाहीतर आजपासून सगळ्यांचं बंद."

"शी! कोण गलिच्छ माणूस हा?" दातांची डॉक्टरीण म्हणाली. तिच्या केसाळ कुत्र्याची फळं टेकडीवर सगळ्यात जास्त होती. "अशा एकामुळे सगळ्यांची बदनामी."

ताईंनी पिशवीकडे बघितलं. कानांकडे बघितलं. मग भावाच्या कॉलरकडे. तिथून खाली घामाचा एक ओघळ निघाला होता.

"माझी," ताई म्हणाल्या.

कडकरावांना वाटलं आता कोणीतरी म्हणेल, अहो, यांचा तर पाय सुजलाय. म्हणेल, आमच्याही आहेत की वर. उलट सगळे अर्धं पाऊल मागे सरकले, जसे लोक कुणाला उलटी झाली की सरकतात.

"मग फक्त यांचा कुत्रा बंद करा," डॉक्टरीण म्हणाली. "सुटलो बाई!"

"ठीक. आजी, उद्यापासून तुमचं कुत्रं आणायचं नाही."

ताईंनी मान हलवली. शिवी नाही, टोमणा नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या फाटकाशेजारच्या भिंतीकडे बघत राहिल्या. आणि ते बघणं कडकराव ओळखत होते. कालची ऊब परत हाताला लागल्यासारखं झालं.

"माझी आहे ती," ते म्हणाले.

"तुमची?" निरीक्षकाची शिट्टी ओठातून गळून पडली. "अहो, तक्रार करणारे तुम्हीच ना?"

"मीच. गाठ बघा. तुमच्या युनिफॉर्मचे मोजे अशाच गाठीत येतात दर आठवड्याला."

टोळीत कोणीतरी फिस्सकन हसलं. दुसरं कोणी म्हणालं, "आपलं ठेवायचं झाकून!" डॉक्टरीण म्हणाली, "माझे सगळे एप्रन यांच्याकडे धुवायला जातात. ई!"

ते 'ई' कडकरावांच्या ताठ कॉलरच्या आत जाऊन बसलं. "ई तर ई," ते म्हणाले. "पण वर लटकलेल्या काळ्या माझ्या नाहीत, बाई. साहेब, आज मी टेकडी साफ करतो. एक पिशवी राहिली, तर मला फाटकाबाहेर काढा. कुत्र्यांना नको."

निरीक्षकाने विचार केला. टेकडी फुकटात साफ होतेय, हे त्याच्या झोपाळू डोक्यातही शिरलं. "संध्याकाळी मी बघायला येईन," तो म्हणाला. म्हणजे पायथ्यापासूनच बघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कडकरावांनी दुकान बंद ठेवलं. एप्रन चढवला, रुमालांचा तो लांब चिमटा घेतला आणि झाडामागून झाड सुरू केलं. काही पिशव्या अलगद आल्या. काही जुन्या चिमटा लागताच फाटल्या, आणि त्यातलं जे काही होतं ते बाहीवर आलं. ते दोनदा झुडपाआड जाऊन ओकले. लाळ्या ते हुंगायला आला, म्हणून तिसऱ्यांदा ओकले. डॉक्टरीण वरून उतरताना नाकाला हात लावून म्हणाली, "किती घाण वास येतोय तुमच्या अंगाला!"

"तुमचाच आहे," कडकराव म्हणाले. "ओळखीचा वाटला नाही?"

ती गेली, एप्रनही गेले दुसऱ्या लाँड्रीत, आणि तिच्यामागून आणखी काही गिऱ्हाइकं. कडकरावांची बायको गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाली, "बरं झालं. तिच्या एप्रनवर नेहमी कुणाची तरी थुंकी असायची."

ताईंचा पाय बरा झाल्यावर त्या पुन्हा चढायला लागल्या. कडकरावही मागून, कारण निरीक्षकाने चिमट्याचं काम त्यांच्याच गळ्यात मारलं. एका सकाळी तिसऱ्या वळणावर लाळ्याने पाठ वाकवली. कडकरावांनी डोळे मिटले, हात पुढे केला, आणि तोंड वाकडं करून पिवळ्या पिशवीला दोन कान काढले.

"बघ, जवळच फांदी आहे," ताई म्हणाल्या. "येताना उचलू?"

"गप चढ, ताई."

"ऊब लागतेय का रे?"

कडकरावांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं तर चहा बाहेर आला असता. हात अंगापासून लांब धरून, तो हात आपला नाहीच अशा चेहऱ्याने ते वर चढत राहिले, आणि ताई मागून एकेक शिवी हासडत, हसत, धापा टाकत आल्या.