मामाची मांडी

मायाक्का सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये टॉवेलच्या कडा शिवते. शेजारच्या मशीनवर कमरबी. मागांचा खडखडाट असा, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आपल्या धाकट्या भावाच्या, बिरुदेवच्या दारूची गोष्ट मायाक्कानं पहिल्यांदा सांगितली ती कमरबीच्या कानातच. कमरबीचा भाऊही त्याच वाटेनं गेला होता आणि परतही आला होता.  दुसऱ्या दिवशी कमरबी रजा टाकून बिरुदेवला दवाखान्यात न्यायला दारात हजर.

दारू सुटताना बिरुदेवला कापरं भरलं, भिंतीवर नाही नाही ते दिसायला लागलं. तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मायाक्काच्या शेजारी कमरबीच बसलेली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला सांगितलं आणि बजावलं, "एक घोटसुद्धा नाही. औषध म्हणूनही नाही."

तेव्हापासून शेड सुटली की मायाक्का भावाच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहते. दोघं गुत्त्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं घरी येतात.

"अक्का, शाळा सुटल्यावर पोराला न्यायला आल्यागत उभी ऱ्हातीस. माणसं हसत्यात की."

"हसू दे. शाळेत असताना कुटं नीट शिकलास? आता शीक."

दिवाळी पार पडली. मग मायाक्काच्या धाकट्याचं, माउलीचं जावळ ठरलं. सासर मंगळवेढ्याकडं. जावळ काढताना बाळ बसायचं ते मामाच्या मांडीवर. थोरल्या ऋतुजाच्या वेळी सगळा गाव मामाला शोधत होता आणि मामा देवळामागं पिऊन पडला होता. शेवटी ऋतुजाला शेजारच्या माणसाच्या मांडीवर बसवलं. बाळ घेऊन मामाची वाट बघत उभं राहणं मायाक्का अजून विसरली नव्हती. माउली मात्र मामाच्याच मांडीवर बसणार, एवढंच तिला हवं होतं.

पण जावळाला बकरं पडतं आणि दुपारी बाटली फिरते. पाव्हण्यानं नाही म्हटलं तर यजमानांना राग येतो. मायाक्कानं खूप विचार केला आणि सासरी फोन लावला. "बिरुदेवला कावीळ झालीया. त्याला कुणी आग्रह करू नका."

कमरबीनं हे ऐकून कपाळाला हात लावला. "अगे, कावीळ बोले तो गाव का हर आदमी हकीम! सच बोलने का था."

"सच बोलले तर हसत्याल त्याला."

आदल्या संध्याकाळी ते गावात पोचले तर खरंच सगळं गाव हकीम झालेलं. बिरुदेवपुढं बिनतिखटाचा भात आणि उकडलेले हरभरे आले. बाकीचे भाकरी-ठेचा हाणत होते. बिरुदेव बहिणीकडं रागानं बघत हरभरे चावत राहिला आणि ती पदराआड हसली.

हसू सकाळी विरलं. उजाडताच मायाक्काचे चुलत सासरे, गुंडानाना, पितळी पेला घेऊन आले. म्हातारा पहाटे उठून रानातून मुळी उकरून आणून ती सहाणेवर उगाळून बसला होता.

"पावनं, उपाशीपोटी एका दमात घ्या. दोन दिसात डोळं पांढरं व्हत्यात."

वास आधी मायाक्कापर्यंत पोचला. तिनं विचारलं, "नाना, कशात उगाळलंय?"

"कशात म्हंजी? दारूत. पान्यात गुण येत न्हाय त्येला."

अंगणात जावळाची सगळी तयारी होती. न्हावी वस्तरा पाजळत होता. पेला बिरुदेवच्या हातात होता आणि त्याचे डोळे पेल्यात.  मायाक्काच्याच खोट्यानं हा पेला त्याच्या हातात आला होता. हिसकावून घ्यावा म्हणून ती पुढं झाली. पण बिरुदेवनं मान हलवून तिला थांबवलं आणि पेला जोत्यावर ठेवला.

"नाना, मला कावीळ न्हाय. मी दारू सोडलीया. ह्यातला एक घोट पोटात गेला तर मी पुन्ना देवळामागं दिसंन. अक्कानं माज्यासाठी खोटं सांगितलं, तिला बोलू नका."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. नाना पेल्याकडं बघत राहिले, मग बिरुदेवकडं.

"म्हंजी मी उगंच पहाटंपास्नं रान उकरलं व्हय?"

"व्हय, नाना."

"आन तू उगंच हरभरं खाल्लंस?"

"लई खाल्लं, नाना. पोट फुगलंय."

आता अंगण खदखदून हसलं. नानांनी पेला उचलला, परसात नेला आणि उकिरड्यावर ओतला. परत येऊन ते न्हाव्यावर खेकसले, "बघत काय बसलास? मामा आलाय की!"

माउली मामाच्या मांडीवर बसला आणि पहिल्या बटेलाच त्यानं भोकाड पसरलं. बिरुदेव त्याला घट्ट धरून कानाशी काहीतरी पुटपुटत राहिला. मायाक्काला कमरबीची, त्या बाकड्याची आठवण झाली. ती इथं असायला हवी होती. खरं बोलायला सांगणारी तीच एकटी. सोलापूरला गेल्यावर हे सगळं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचं, अगदी हरभऱ्यासकट, असं मायाक्कानं ठरवून टाकलं.

दुपारी पंगत बसली. देवळाच्या पलीकडं बाटली फिरलीच, एकदोघांनी बिरुदेवला हाका मारूनही पाहिल्या. पण त्याच्या आणि त्यांच्या मधे नाना मांडी ठोकून बसले होते. मायाक्का रश्श्याचं पातेलं घेऊन ओळीत आली. बिरुदेवच्या मांडीवर तुळतुळीत डोक्याचा माउली झोपला होता.

"सूनबाई, मामाला नीट वाढ!" नाना सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडले. "कावीळ उतरली त्येची!"

पोराला धक्का लागू नये म्हणून बिरुदेवनं एका हातानंच ताट पुढं केलं. मायाक्कानं ते काठोकाठ भरलं.